खांबापासून तेवीस पावलं

घरटं रिकामं होतं.

भाचीनं गुडघे टेकून खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं, पुन्हा चाचपलं. बोटांना नुसती गार वाळू लागली. पहाटे पाचला याच जागी अंडी घालून कासवीण समुद्रात परतताना तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आता सव्वानऊ वाजले होते.

मागे कासवांचा प्रकल्प चालवणारे डॉक्टर नोंदवही छातीशी धरून उभे होते.

"ही जागा कुणाला माहीत होती?" त्यांनी विचारलं.

"मला."

"आणखी कुणाला?"

"कुणालाच नाही. नोंद होईपर्यंत जागा सांगायची नाही, हा तुमचाच नियम ना?"

"मग मी काय समजायचं?"

डॉक्टरांना फार विचार करावा लागला नसावा. दहा वाजता ती जिथे संशोधनाला जाणार होती त्या विद्यापीठाला त्यांनी ई-मेलनं पत्र धाडलं: या मुलीच्या ताब्यातून शंभरावर अंडी नाहीशी झाली आहेत, तिला संशोधनासाठी घेऊ नये. साडेदहाला गेस्ट हाऊसच्या मालकीणबाईंनी तिला सामान बांधायला सांगितलं. लाँच चारला सुटणार होती.

स्वयंपाकघरात ही बातमी पोचली तेव्हा मावशी कांदा चिरत होत्या. सुरी तशीच टाकून त्या उठल्या.

मावशी म्हणजे भाचीची सख्खी मावशी. परक्या देशात, समुद्रकाठी, कासवं वाचवायला तीन महिने एकटी मुलगी पाठवायची म्हटल्यावर भाचीच्या आईनं अंथरूण धरलं होतं. तेव्हा नुकत्याच निवृत्त झालेल्या मावशी म्हणाल्या, "मी जाते बरोबर. पोळ्या लाटीन, भांडी घाशीन, तेही समाजकार्यच." परभाषा त्यांना मोडकीतोडकीच येत होती, पण अडलं कुठेच नाही. आठवड्याभरात सगळं गेस्ट हाऊस त्यांना "मावशी" म्हणायला लागलं. त्याचा अर्थ काय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

त्यांना एका जागी बसणं जमायचं नाही. अठ्ठावीस वर्षं परीक्षा मंडळाच्या कचेरीत त्यांनी गुणपडताळणी केली होती, म्हणजे पोरांच्या नशिबाला कुणाच्या गलथानपणामुळे धक्का लागलाय का, हे शोधायचं काम. खुर्चीतून उठायला मिळायचं नाही म्हणून तेव्हा त्या टेबलाखाली पाय हलवत बसायच्या. आता सगळा किनारा मोकळा होता.

भाची खोलीत कपडे घड्या न घालताच बॅगेत कोंबत होती.

"थांब," मावशी म्हणाल्या. "आधी मला सांग. अगदी पहाटेपासून."

"काय उपयोग, मावशी? पत्र गेलंसुद्धा. दोन वर्षं झटले मी विद्यापीठातल्या त्या जागेसाठी."

"रडायला लाँचमध्ये चार तास आहेत. आत्ता बोल."

भाचीनं नाक पुसलं. "दोन घरटी सापडली. कासविणींचे माग झाडूनं पुसले, जागा खिशातल्या वहीत लिहिल्या आणि सहाला परत आले. व्हरांड्यात डॉक्टर, फोटोग्राफर आणि आचारी चहा पीत होते. मी आनंदानं दोन बोटं दाखवली."

"मग?"

"डॉक्टर म्हणाले, दमली आहेस, झोप काढ, नोंद नऊ वाजता करू."

मावशींची येरझार थांबली. "पाय धुवायच्या आधी नोंद, असं म्हणणारा माणूस झोप काढ म्हणाला?"

"बरं वाटलं मला तर."

"वही कुठे होती?"

"ओल्या जाकिटाच्या खिशात. जाकीट व्हरांड्यातल्या खुंटीला."

"म्हणजे वेशीवर टांगली होतीस. आण इकडे."

वही तळहाताएवढी होती. समुद्राच्या पाण्यानं कडा फुगल्या होत्या. आजच्या पानावर पेन्सिलीनं दोनच ओळी होत्या, शब्द तिथल्या भाषेत आणि आकडे मराठी. मराठी शाळेतली मुलगी, घाईत हात जुन्या वळणावरच जायचा. नोंदवहीत उतरवताना ती आकडे बदलून लिहायची.

खांब २, पावलं ३०.

खांब ४, पावलं २३.

"हे पावलांचं काय?"

"किनाऱ्यावर दहा खांब आहेत. खांबापासून वरच्या झाडीच्या दिशेनं किती पावलं, ते लिहायचं. माझी पावलं, माझा हिशोब. आठवतं, पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तुलाही वीस पावलं चालायला लावून टेप धरला होता?"

"कपाटातल्या त्या कागदासाठी. मी म्हटलं, लग्नाचा झगा शिवताय काय."

"त्यावरून ते पावलांचे मीटर करतात. कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच असते."

"आणि चौथ्या खांबाचं घरटं?"

"शाबूत आहे. मघाशी एकटीच जाऊन पाहून आले. वाळू हललेलीसुद्धा नाही. डॉक्टर तर दुसरं घरटं कुठाय हे विचारायलाही थांबले नाहीत."

मावशींनी वही कमरेला खोचली. "आवर तू. पण बॅगेची चेन लावू नकोस."

आचारी मागच्या दारात मासे साफ करत होता. गोल, घामट, सदा हसणारा. आज हसत नव्हता.

"सहा ते नऊ कुठे होतास?"

"इथंच. आठला तुम्ही आलात, तोवर एकटा. तुम्हाला माझाच संशय येतो का मावशी?"

"मला सगळ्यांचाच येतो. वाईट वाटून घेऊ नकोस."

त्याच्यामागे भिंतीवरच्या फळ्यावर आजचं सामान लिहिलं होतं, मावशींच्या अक्षरात. पहिल्या आठवड्यात त्यांनी या फळ्यावर "बटाटे ४ किलो" लिहिलं, शब्द तिथले पण आकडा सवयीनं मराठी, आणि बापड्यानं आठ किलो सोलून ठेवले. तीन दिवस सगळं गेस्ट हाऊस बटाटे खात होतं. त्यानंतर आचाऱ्यानं हट्टानं दहाही मराठी आकडे शिकून घेतले आणि फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहून काढले. आल्यागेल्याला तो ते वाचून दाखवायचा, पण दुसरं कुणी ते लक्षात ठेवत नसे.

"व्हरांड्यातून कोण कोण गेलं?"

"डॉक्टर गेले. लंबू गेला. मालकीणबाई अजून उठल्या नव्हत्या."

लंबू म्हणजे फोटोग्राफर. दारातून वाकून येणारा, पक्ष्यांचे फोटो काढायला आलेला स्वयंसेवक. तो किनाऱ्यावर सापडला. मावशी वाळूतून धापा टाकत त्याच्यापर्यंत पोचल्या.

"सकाळी कुठे होतास?"

"इथंच, सात वाजल्यापासून. आणि खड्ड्यात पडता पडता वाचलो."

"कुठल्या खड्ड्यात?"

त्यानं बोट दाखवलं. आठव्या खांबाच्या वरच्या अंगाला, गेस्ट हाऊसपासून हाकेच्या अंतरावर, गुडघाभर खोल खड्डा होता. आत काहीच नव्हतं.

"कुत्र्यानं उकरला असेल," लंबू म्हणाला.

मावशी वाकल्या. कुत्रं वाळू चहूकडे उडवतं. इथे सगळी वाळू एका बाजूला नीट रचलेली होती आणि खड्ड्याची कड फावड्यानं कापल्यासारखी सरळ होती.

"कुत्रं फार टापटिपीचं दिसतंय. ऐक, या खांबापासून तेवीस पावलं चाल बरं. नेहमी चालतोस तशी."

"का?"

"म्हातारीची हौस समज."

लंबू चालला. तेविसाव्या पावलाला तो खड्डा ओलांडून पार झाडीत शिरला होता. मावशींनी गेस्ट हाऊसच्या खिडकीकडे तोंड करून भाचीला हाक मारली, तिलाही चालायला लावलं. भाचीचं तेविसावं पाऊल खड्ड्याच्या कडेवर पडलं. एक बोट इकडे नाही की तिकडे नाही.

भाचीनं झटकन पाय मागे घेतला. "मावशी, मी नाही खणलं इथे. देवाशपथ."

"मला माहितीये गं. ये, उन्हात उभी राहू नकोस."

पण हेच कुणी डॉक्टरांना दाखवलं असतं, तर पोरीच्या गळ्याभोवतीचा फास आणखी आवळला गेला असता. पाऊणच वाजला होता, तरी लाँच धक्क्याला लागलेली दिसत होती. त्या झपाझपा घराच्या पलीकडच्या अंगणात गेल्या.

तिथे डॉक्टरांची हॅचरी होती, म्हणजे जाळीनं बंदिस्त केलेला वाळूचा चौकोन. धोक्याच्या जागी घातलेली अंडी डॉक्टर स्वतः उचलून आणत आणि इथे पुरत. दुसऱ्या कुणालाही हात लावू देत नसत. आत पाच टोपल्या पालथ्या घातलेल्या होत्या, प्रत्येकीखाली एक घरटं, प्रत्येकीवर तारखेची पाटी. मावशींनी जाळीला नाक लावलं. चार टोपल्यांभोवतीची वाळू वाळून पांढरी झाली होती. पाचवीभोवतीची काळपट आणि ओलसर होती. पाटीवरची तारीख होती आठ दिवसांपूर्वीची.

"काही हवंय का?"

डॉक्टर मागे उभे होते. उंच कपाळ, इस्त्रीचा सदरा. चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेला, तोही अर्धाच भरलेला.

"सकाळी सहा ते नऊ तुम्ही कुठे होतात, डॉक्टर?"

"खोलीत. टिपणं लिहीत होतो. का?"

"सवय आहे हो विचारायची. हॅचरी कधी उघडली होतीत?"

"आठवडा झाला. मावशी, भाचीचं दुःख मला कळतं. पण ती जागा तिच्याखेरीज कुणाला माहीत नव्हती."

"तेच तर," मावशी म्हणाल्या. "तेच मला सकाळपासून स्वस्थ बसू देत नाहीये."

तीन वाजता मावशींनी सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. मालकीणबाई घड्याळाकडे बघत आल्या. घर त्यांचं होतं, कासवांचं सगळं डॉक्टरांवर सोपवलेलं होतं आणि दहा वर्षांत त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला नव्हता.

"दहा मिनिटं, मावशी. बॅग खाली आणायचीय."

"पुरेत." मावशी उभ्याच राहिल्या. त्यांनी वही उघडून लंबूपुढे धरली. "दुसरी ओळ वाच."

लंबूनं डोळे बारीक केले. "खांब आठ, पावलं तेवीस."

"आता तू."

आचाऱ्यानं हात पुसून वही घेतली. "आठ कुठला? चार आहे हा! खांब चार. मला नका सांगू, आठ किलो बटाटे सोललेत मी."

"बरोबर. हा आमचा चार. तुम्हा लोकांना तो आठ दिसतो. वरच्या ओळीतले दोन, तीन आणि शून्य मात्र दोन्हीकडे सारखेच दिसतात, ते कुणीही वाचावेत. आता बघा. दुसऱ्या खांबाचं घरटं लुटलं गेलं. चौथ्या खांबाचं शाबूत राहिलं. आणि जिथे कासवीण फिरकलीच नाही त्या आठव्या खांबापाशी कुणीतरी फावड्यानं खड्डा खणला. अंडी नेणाऱ्याला जागा माझ्या भाचीनं सांगितली असती, तर आठवा खांब मधे आला असता का? तिनं स्वतः नेली असती, तर आपलाच चार तिनं आठ वाचला असता का?"

मालकीणबाईंनी घड्याळावरची नजर काढली.

"चोरानं वही वाचली," मावशी म्हणाल्या. "आठवा खांब घराजवळचा, म्हणून आधी तिथे खणलं. काही मिळालं नाही, मग दुसऱ्या खांबाकडे गेला. आचारी सुटला, त्याला आमचे आकडे येतात. राहिले दोघं."

"मी?" लंबू अर्धवट उठला आणि त्याचं डोकं दिव्याला लागलं.

"बस खाली. तूही सुटलास. वहीतली पावलं भाचीची. तू तेवीस पावलं टाकलीस की झाडीत जातोस, आणि खड्डा तर बरोब्बर तिच्या तेविसाव्या पावलाखाली आहे. माग पुसलेल्या किनाऱ्यावर अंदाजानं घरटं सापडत नाही. ज्यानं खणलं त्याला तिचं पाऊल किती लांब आहे हे नेमकं माहीत होतं. त्यानं टेप लावला." मावशी वळल्या. "तिच्या पावलाचं माप एकाच कागदावर आहे, डॉक्टर. आणि त्या कपाटाची किल्ली एकाच खिशात."

डॉक्टर हसण्याचा प्रयत्न करत होते.

"मी कशाला चोरीन? मी तर ती नोंदवणारच होतो."

"नोंदवल्यावर ती नेता आली नसती ना. म्हणून तिला झोपायला पाठवलंत. नियम तुमचा, मोडलात तुम्ही."

"आणि नेली कुठे मी?"

"तुमच्याच हॅचरीत. पाचव्या टोपलीखाली. मालकीणबाई, ती उघडायला सांगा. पण हात भाचीनंच लावायचा. अंडी वेडीवाकडी हलवली की आतला जीव मरतो, हे मला तिनंच शिकवलंय."

"हे मी होऊ देणार नाही," डॉक्टर म्हणाले.

मालकीणबाईंनी हात पुढे केला. "किल्ली."

डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढली. ती त्यांच्या बोटांत खुळखुळत होती आणि ती मालकीणबाईंच्या तळव्यावर ठेवायला त्यांना दुसऱ्या हाताचा आधार घ्यावा लागला. मालकीणबाईंनी ते पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

हॅचरीत भाचीनं टोपली उचलली, वरची वाळू ओंजळी-ओंजळीनं बाजूला केली. वरचं अंडं दिसताच ती थांबली. त्याला बोटही न लावता ती वाकून नीट पाहत राहिली.

"आठ दिवसांचं अंडं वरून पांढरंफेक पडतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवसानंतरच ठिपका दिसायला लागतो आणि तो पसरत जातो. हे अख्खं पिवळट आहे. ठिपकासुद्धा नाही. हे आज पहाटेचं आहे."

डॉक्टर जाळीला धरून उभे होते.

"आधीची कुठे गेली?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मेली." डॉक्टरांनी मान वर केली नाही. "आणताना माझ्या हातून घमेलं कलंडलं. सगळी गडगडली. दोन वर्षं झाली हाताला कंप सुटलाय. औषधानं दुपारपर्यंत थांबतो, मग पुन्हा सुरू होतो. दोन महिन्यांनी पाहणीला लोक येणार आहेत. पाचवं घरटं फुटलं नाही, तर ते कारण विचारतील. एकदा हात बघितला त्यांनी, की संपलं. मला दुसरं काही येत नाही हो. तेवीस वर्षं मी हेच केलंय."

मावशींचा राग क्षणभर हलला. मग त्यांना सकाळची भाची आठवली, घड्याही न घातलेले कपडे आठवले.

"पोरीचं काय? तिनं काय बिघडवलं होतं तुमचं?"

"तिला दुसरी जागा मिळेल असं वाटलं. लहान आहे."

"आधी फोन लावा," मालकीणबाई म्हणाल्या. "आत्ता, इथे, आमच्यासमोर."

फोनवरची बटणं डॉक्टरांना दाबता येईनात. शेवटी लंबूनं नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. पलीकडे विद्यापीठातल्या बाई होत्या. सकाळचं पत्र मागे घेतो, डॉक्टर म्हणाले. मुलगी निर्दोष आहे. तिला घ्या. तिच्याइतकं काटेकोर काम इथे कुणी केलेलं नाही.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. डॉक्टरांनी फोनपासून तोंड फिरवलं.

"मग अंडी कुणी नेली?" बाईंनी पुन्हा विचारलं, या वेळी सगळ्यांना ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं.

"मी," डॉक्टर म्हणाले. "मी नेली. आणि नाव तिचं घेतलं."

धक्क्यावरून लाँचचा भोंगा वाजला. मालकीणबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "तुमचं बाकीचं सामान मागून पाठवते." डॉक्टरांनी मान हलवली आणि ते हॅचरीच्या दाराकडे निघाले.

भाची तशीच गुडघ्यांवर होती. तिनं अंड्यांवर वाळू परत लोटली, हलक्या हातानं थोपटली, टोपली पालथी घातली. मग उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज अगदी साधा होता.

"डॉक्टर, मला सांगितलं असतंत, तर रोज तुमच्याबरोबर आले असते. अंडी मी उचलली असती. कुणाला कळूसुद्धा दिलं नसतं."

डॉक्टर दाराकडे वळले. दाराची कडी त्यांना काढता येईना, तेव्हा ती भाचीनंच काढून दिली.